डबा एकाच घरी नेला

मी मूळची मिरजेची. मिरजेत पावलापावलाला दवाखाना, त्यामुळं मी नर्स झाले यात काही विशेष नाही, आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरी नर्सच झाल्या. त्या वेळी वॉर्डात एड्सचे पेशंट यायला लागले होते आणि त्यांचं जेवणाचं ताट लोक लांबून पायानं सरकवायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मी नाही कधी सरकवलं, पण सरकवणाऱ्यांना बोललेही नाही, लहान होते, घाबरायचे, आणि ते मनात राहिलं बघा. मग लग्न झालं, हे पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, कंपनीनं यांना पाठवलं आणि युरो चालू झाला त्या वर्षी आम्ही ड्युसेलडॉर्फला आलो, मुलगी तीन वर्षांची.

इथं माझ्या डिप्लोम्याला आनएर्केनुंग नाही म्हणाले, मान्यता हो. म्हटलं बरं. पण एका बेराटुंगश्टेलेला, सल्लाकेंद्र म्हणा, इंग्रजी बोलणारी बाई हवी होती, कारण घानाच्या, नायजेरियाच्या बायकांपर्यंत त्यांना एचआयव्हीची माहिती पोचवायची होती आणि त्या बायका काही केंद्राची पायरी चढत नव्हत्या. मला घेतलं, हातात पोस्टरं दिली, एका काळ्या बाईचा चेहरा आणि खाली माहिती, जा म्हणाले, लावून या. मी गेले स्टेशनामागच्या अकोसुआच्या सलूनमध्ये. अकोसुआ घानाची, अंगानं थोराड, आवाज असा की रस्त्यावर ऐकू जावा. तिनं पोस्टर बघितलं आणि माझ्यासमोर टराटरा फाडलं, म्हणाली रोग काय रंग बघून येतो का गं, आधीच ट्राममध्ये आमच्या शेजारची सीट रिकामी राहते, आता हे भिंतीवर लावू? मला आधी राग आला, मी काही कमी तापट नाही, पण घरी येऊन विचार केला, हिचं चुकलं काय? दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं गेले. तेव्हा ती म्हणाली, हां, आता बस.

त्यांच्याकडं बारीक बारीक वेण्या घालतात, एका डोक्याला पाच-सहा तास लागतात, आणि अकोसुआ म्हणायची अर्धं डोकं झाल्यावर कुठली बाई उठून पळणार? गेनाऊ, अगदी बरोबर! तर बोलायची तीच, तिच्या भाषेत, त्यांच्या पद्धतीनं, नवऱ्यांवरून चेष्टा करत करत, आणि औषधाचं, टेस्टचं काही अडलं की माझ्याकडं बोट. काम सगळं तिचं, मी आपली पुस्तकासारखी कोपऱ्यात. टेस्ट नाव न सांगता होते, नुसता नंबर, हे पटायलाच वर्ष गेलं, कारण प्रत्येकीला भीती, कळलं तर व्हिसा जाईल, नवरा टाकेल, चर्च तोंड फिरवेल. मला सगळे एड्सवाली बाई म्हणायचे. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका वहिनींनी तर गणपतीत माझ्या हातचे मोदक घ्यायच्या आधी विचारलं, तिथून आल्यावर हात धुता ना हो? काय सांगू तुम्हाला. मी म्हटलं, नाही, तसेच वळलेत.

तर ग्रेस. हे तिचं नाव नाही, खरं मी सांगणार नाही, तुम्हीही विचारू नका. पोरगी, सातवा महिना, कागदपत्रांची भानगड म्हणून डॉक्टरकडं गेलीच नव्हती. अकोसुआच्या खुर्चीत बसून सगळं ऐकलं आणि एके दिवशी एकटीच केंद्रात आली. टेस्ट पॉझिटिव्ह. सांगायला मी होते खोलीत. ती रडली नाही, फक्त म्हणाली, बाळ? मी म्हटलं, औषध आजपासून घेतलंस, एकही दिवस चुकवला नाहीस, तर बाळ चांगलं राहायची पुष्कळ आशा आहे. औषधासाठी तिनं नाव, पत्ता, फोन दिला, डॉक्टरनं दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या, त्या संपतील त्या मंगळवारी पुढच्या न्यायला ये म्हणाला.

आता माझा मूर्खपणा ऐका. घरी आले, आणि मनात एकच, पोरीचा सातवा महिना, ना आई ना सासू, हिला डोहाळजेवण कोण करणार? मी ओल्या नारळाच्या करंज्या केल्या, नारळीभात केला, डबा भरला आणि गेले तिच्या घरी, भर दुपारी, साडी नेसून. मिरजेत कुणी पोटुशी बाईकडं डबा घेऊन गेलं तर त्यात काय आहे? पण त्या बिल्डिंगमध्ये चार घरं तिच्याच चर्चची. एड्सवाली बाई आली, आणि एकाच दारात गेली. झालं. रविवारी चर्चमध्ये ग्रेसच्या बाकावर कुणी बसलं नाही, हे मला अकोसुआनंच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडं बघत होती. ग्रेसचा फोन बंद. दार वाजवायला जावं तर आणखी बोभाटा. गोळ्या संपल्या आणि ही आलीच नाही तर? यांना नाव न घेता एवढंच सांगितलं, माझ्यामुळं एक पोटुशी पोरगी अडचणीत आली हो. हे म्हणाले, अगं, तू मुद्दाम केलंस का? मी म्हटलं, मुद्दाम नाही केलं म्हणून त्या पोटातल्या जिवाला काय फरक पडतो? आमची मुलगी म्हणाली, मामा, इथं आईला मामा म्हणतात, बेरूहिग दिश, शांत हो, आणि मी तिच्यावरही खेकसले.

शेवटी अकोसुआकडं गेले. ग्रेसच्या रिपोर्टबद्दल एक अक्षर बोलायची मला मुभा नाही, कायदा आहे आणि कायदा नसता तरी बोलले नसते. एवढंच म्हटलं, मी एका घरी डबा नेला, ते चुकलं. तिनं कुणाकडं, का, काही विचारलं नाही. कंगवा खाली ठेवला आणि म्हणाली, मग आता सगळ्यांकडं ने, एका घरी गेलीस तर ती बातमी, वीस घरी गेलीस तर तू नुसती एक खुळी इंडियन बाई.

तीन दिवस करंज्या तळल्या. हे ऑफिसातून येऊन नारळ खोवत बसायचे, एरवी ग्लास उचलत नाहीत. अकोसुआ यादी सांगायची आणि मी दारोदार, ज्यांनी कधी टेस्ट केली नाही त्यांच्याकडं, म्हाताऱ्यांकडं, पास्टरच्या बायकोकडंही. कुणी हसलं, कुणी दार उघडलं नाही, पास्टरच्या बायकोनं तर डबा ठेवूनच घेतला. ग्रेसच्या बिल्डिंगमधली चर्चची ती चारही घरं केली, फक्त तिचं दार परत वाजवलं नाही.

मंगळवारी सकाळी नऊची वेळ. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा. मी जिन्याकडं कान लावून बसलेली, कुणीही आलं की उठून बघायचे. पावणेबाराला आली. बसलीसुद्धा नाही. म्हणाली, गोळ्या घेतल्यात, सगळ्या, पुढच्या द्या, आणि आजपासून तू मला ओळखत नाहीस, रस्त्यात नाही, सलूनमध्ये नाही, कुठंच नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, नको, बघूही नकोस. तिनं दुसरी समुपदेशक मागून घेतली, तिचा हक्कच होता, आणि तिची फाइल माझ्याकडून गेली. मुलगी झाली एवढं सलूनमध्ये कळलं. पण बाळाचं रक्त दीड-दोन वर्षं तपासत राहतात, आणि त्याचं काय झालं हे मला कुणी सांगणार नव्हतं, मी विचारायचंही नव्हतं. देवापुढं बसले तरी तेच डोक्यात.

परवाची गोष्ट. मी सलूनमध्ये, ग्रेस वेण्या घालायला बसलेली, पोरगी दोन वर्षांची, गुटगुटीत, माझ्या पायातल्या जोडव्यांशी खेळायला लागली. मी खाली बघितलं नाही, हातातलं पत्रक वाचत राहिले, अक्षर दिसत नव्हतं. आणि ग्रेस आरशात बघत, अकोसुआला, नेहमीपेक्षा मोठ्यानं, आणि बरं का, इंग्रजीत म्हणाली, हिच्या डॉक्टरांनी काल सांगितलं, रक्ताला आता आणायची गरज नाही, पोरगी ठणठणीत आहे. अकोसुआ म्हणाली, देवाची कृपा. बाकीच्या बायकांचं लक्षही नव्हतं. मी पत्रकाचं पान उलटलं. मनात म्हटलं, औक्षवंत हो बाळा, शंभर वर्षांची हो, आणि पाय तसाच ठेवला, ती खेळत होती तोवर.