डबा फुटला नव्हता

जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार.

कमल, तू पुढं बसलीस, बरं केलंस. पुंडलिकभाऊ, तुम्ही दाराशी उभे आहात. आत या. माझं बोलणं तुमच्याशीच जास्त आहे.

मला भाषणाची सवय आहे असं सगळे समजतात. तीस वर्षं मुलींना शिकवलं, तेव्हा सवय असणारच. पण आज बोलणं लिहून आणलं आहे. ज्याला मी चालायला शिकवलं त्याच्या शोकसभेत मी बोलावं, हा क्रमच चुकला आहे. आणि लिहून आणण्याचं कारण एवढंच नाही. ते पुढं सांगते. सांगितल्याशिवाय आज मी खाली बसणार नाही, असं घरून ठरवून आले आहे.

मधू माझा मावसभाऊ. अकोल्याला आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. मी नन्सच्या शाळेत जायची आणि उशीर होण्याला फार भ्यायची. उशीर झाला की सिस्टर काही बोलत नसत, नुसत्या बघत. त्या बघण्याच्या भीतीनं मी घरातलं घड्याळ गुपचूप दहा मिनिटं पुढं करून ठेवायची. मधू तेव्हा सहा वर्षांचा. त्यानं एकदा पकडलं. म्हणाला, "ताई, घड्याळाले खोटं बोलाले तूच शिकवतं का वं?"

त्याचं पुढचं सगळं आयुष्य खोटं न बोलणाऱ्या घड्याळामागं गेलं. तो कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा हे तुम्हाला ठाऊक आहे. त्याआधी दोन वर्षं तो परदेशी एका प्रयोगशाळेत होता. तिथं अणूंवर चालणारं घड्याळ होतं. खोली भरून कपाटं, तारा, दिवे. सगळे त्या घड्याळाच्या अचूकपणाचं कौतुक करायचे. आमच्या मधूला मात्र एकच प्रश्न पडला. एवढं मोठं काहून?

त्याला ते डब्यात मावणारं हवं होतं. एका बॅटरीवर दिवसभर चालणारं. मी विचारलं, कशाला रे? म्हणाला, "मोठ्या शहरात जी येळ, थेच येळ हिवरखेडच्या टपालात काहून नसावी? जहाजात, विमानात काहून नसावी?"

त्या घड्याळाचं काळीज म्हणजे अंगठ्याएवढी काचेची बंद कुपी. तीत रुबिडियम नावाच्या धातूचा मोहरीपेक्षाही लहान कण. कुपी गरम ठेवली की त्याची वाफ होते. बाजूला एक जांभळट गुलाबी दिवा लागतो. आणि मग ते अणू एका ठेक्यात डोलतात, असं तो सांगायचा. "लोलक उन्हाळ्यात लांबते, ताई. हे नाही लांबत. अकोल्याचं ऊन असो का चिखलदऱ्याची थंडी, ठेका सोडत नाही." ती कुपी त्यानं बोटीतून येताना महिनाभर खिशात, लोकरीच्या मोज्यात घालून आणली होती.

अडचण होती ती गरम ठेवण्याची. "घड्याळापेक्षा शेगडीच जास्त खाते," असं म्हणायचा. मोटारीची बॅटरी दोन तासांत बसायची. मग कुपीभोवती काय गुंडाळावं म्हणजे ऊब आत राहील? त्यानं लाकडाचा भुसा बघितला, लोकर बघितली. आणि एक दिवस माझ्या घरी येऊन म्हणाला, "वऱ्हाडात राहून राह्यलो अन कापूस सुचला नाही मले!" माझ्याच नव्या गादीतून त्यानं ओंजळभर कापूस काढून नेला. बॅटरी पाच तास चालली. त्या दिवशी तो इतका हसला की त्याच्या बायकोनं, आपल्या कमलनं, शिरा केला. आठवतं ना, कमल?

मी मात्र हसले नाही. मला भीती वाटत होती. आपण सगळे जिनिंगच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या गिरण्यांच्या गावचे. कापूस आतून कसा धुमसतो, बाहेरून पांढराशुभ्र असतानाच कसा जळून जातो, हे आपल्याला सांगावं लागत नाही. आणि त्यात 'अणू' हा शब्द. वर्तमानपत्रात तो शब्द आला की मी पान उलटायची. मधूच्या बोटांची नखं मी चोरून बघायची. काळी पडताहेत का? केस गळताहेत का? तो म्हणायचा, "काहून भेऊन राह्यली? यात बाँब नाही ना बिंब नाही." माझी भीती त्यानं जात नव्हती.

आता ती दुपार सांगते.

चार वर्षं झाली. चीननं अणुबाँब फोडल्याची बातमी रेडिओवर येऊन चार-आठ दिवस झाले होते. ऑक्टोबरचं ऊन होतं, नव्या कापसाच्या गाड्या रस्त्यानं चालल्या होत्या. कमल माहेरी गेली होती. मी मधूकडे बसले होते. खिडक्या लावलेल्या, टेबलावर डबा, डब्यात तो गुलाबी दिवा. मधू म्हणाला, "ताई, दहा मिनिटं बस इथं. बॅटरीत टाकाचं पाणी घेऊन येतो. हात लावू नको."

तो गेला. मी त्या डब्याकडे बघत बसले. आणि मला वास आला. कापूस करपल्याचा.

ज्वाला नव्हती. धूरही नव्हता, असला तर एक रेघ. कापूस नुसता तांबूस झाला असणार. बटण बंद केलं असतं तरी पुरे होतं. बटण माझ्या हाताशी होतं. पण आपल्याकडे लहानपणापासून काय शिकवतात? कापसाला वास लागला की आधी पाणी, मग चौकशी. मी उठले, माठ उचलला आणि अख्खा माठ त्या डब्यावर ओतला.

तापलेली काच. तिच्यावर गार पाणी. फाडकन आवाज झाला.

पुंडलिकभाऊ, सगळ्यात आधी शेजारून धावत आलात ते तुम्ही. हातात मेथीची जुडी तशीच होती. तुम्ही विचारलं, "बाई, काय फुटलं?" तुमच्या मागं अर्धी गल्ली. मी भिजलेली. आणि मी म्हणाले, "डबा फुटला."

तो फुटला नव्हता. मी तो फोडला होता.

आज हे चारचौघांत पहिल्यांदा बोलते आहे. मधूला मी त्याच दिवशी सांगितलं. तो काचेचे तुकडे बशीत गोळा करत होता. शेवटचा तुकडा बशीत ठेवला. मग म्हणाला, "काच होती, ताई. काच फुटतेच. पत्र लिहितो, दुसरी पाठवतीन थे." आणि मग म्हणाला, "तू सांगू नको कोनाले. शाळेत पोरी हासतीन तुले."

माझी अब्रू त्यानं सांभाळली. मी त्याची सांभाळली नाही. दुसऱ्याच आठवड्यात शिकवणीची मुलं यायची बंद झाली. गवळी दूध कोपऱ्यावर ठेवून जाऊ लागला. कमल विहिरीवर गेली की बाया घागरी घेऊन बाजूला होत. सगळ्यांच्या तोंडी माझेच शब्द होते, डबा फुटला, मास्तरचा अणूचा डबा फुटला. एक वाक्य बोलून मी ते थांबवू शकले असते. चार वर्षं रोज ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं आणि रोज मी भ्याले. सिस्टर नुसत्या बघतील, तसे तुम्ही सगळे माझ्याकडे बघाल, याला भ्याले.

दुसरी कुपी आली. पहिलीच्या निम्मी. त्यानं पुन्हा मांडलं, पुन्हा कापूस भरला, यावेळी पातळ आणि अभ्रकाच्या आड. शेवटी बॅटरी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पुरायची. घड्याळ पूर्ण झालं नाही. ठेका मोजायचं काम राहिलं. ते व्हायच्या आत मधू गेला. हृदय मोठं झालं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. किरणांनी गेला, असं गल्ली म्हणते. मीसुद्धा स्मशानातून परतताना तेच मनात म्हणत होते, खोटं कशाला सांगू?

परवा पुंडलिकभाऊ माझ्याकडे आले. म्हणाले, "बाई, एकडाव फुटलं थे पुन्हा फुटनार नाही, हे कोनं सांगावं? आमची लेकरं याच गल्लीत खेयतात. शोकसभा झाली की दुसऱ्या सकायी टाकून देतो पडक्या इहिरीत." भाऊ, तुमचं चुकत नाही. तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात. आणि उद्या सकाळी तो डबा विहिरीत जाणार आहे. येत्या गुरुवारी त्याच्या जुन्या प्रयोगशाळेतला माणूस तो न्यायला येतो आहे. मधूनं जे केलं ते पुढं कुणी करायचं तर त्याला तो डबा मिळायला हवा. कोरडा.

एकदा मी त्यावर पाणी ओतलं. दुसऱ्यांदा ओतू देऊ नका.

डबा इथंच आहे. या टेबलाखाली, कमलच्या लुगड्यात गुंडाळलेला. दचकू नका. घाबरून उठू नका. मी सकाळी तो उचलून आणला तेव्हा मधूच्या घरापासून या वाचनालयापर्यंत तीन वेळा थांबले. मला अजून भीती वाटते. डॉक्टरांनी सांगितलं तरी वाटते, मधूनं शंभरदा समजावलं तरी वाटते. ती जाईल असं वाटत नाही.

तरी मी तो टेबलावर ठेवते. हे बघा.

आता आपण मधूसाठी उभे राहू या. किती वेळ, ते मी सांगणार नाही. कुणी घड्याळ बघू नका. पुंडलिकभाऊ, तुम्ही बसलात की आम्ही बसू. तोवर मी माझा हात यावर ठेवून उभी राहते. ज्याला यावंसं वाटेल त्यानं यावं, हात ठेवावा आणि मग उद्याचं ठरवावं.

तो काम करायचा तेव्हा हा डबा नेहमी कोमट असायचा. मांजराच्या अंगासारखा.

मधू, गार पडलाय रे हा.

उभे राहू या.