यादीतला गेटमन

जुन्या रेल्वेच्या वस्तूंची नोंद करणाऱ्या कार्यालयात एक शिक्षिका आजोबांची शिट्टी दाखवायला रांगेत उभी होती. तिच्या पुढचा म्हातारा खिडकीतल्या कारकुनाशी बोलत होता.

"साहेब, तुमच्या यादीत फाटक आहे, कंदील आहे, आणि तिसरा मी. 'गेटमन, एक नग.'"

"बरोबर आहे की. पाहणीच्या दिवशी तुम्ही तिथंच होतात."

"मी डबा खात होतो."

"तसाच फोटो आहे."

"माझं नाव काढा. दात बसवायचेत, तर डॉक्टर म्हणतो, आधी परवानगी आणा."

"मूळ स्वरूपात बदल चालत नाही, काका. दात कधी पडले?"

"पाहणीच्या आधीच."

"मग बोळकं हेच मूळ स्वरूप."

"अहो, मला चावता येत नाही."

"अर्ज द्या, नाव काढू. मग मात्र दर सहा महिन्यांनी आमचा माणूस तुम्हाला बघायला येणार नाही."

"बघायला म्हणजे?"

"नियमच आहे. कसे आहात ते विचारायचं, सगळीकडून नीट पाहायचं, सही घ्यायची."

म्हाताऱ्यानं हातातल्या अर्जाची घडी करून खिशात घातली.

"माझा थोरला चार वर्षं फिरकला नाही. तुमचा माणूस कधी येईल?"

"पुढच्या महिन्यात."

"त्याला सांगून ठेवा, मी सही लगेच देणार नाही. आधी घटकाभर बसावं लागेल."