बोट ठेवील तसं

भाऊ: तुझी ती चित्रांची वही उचल आणि आधी घरी जा, ताई. हात जोडतो.

ताई: अरे, पण झालं काय? चार लोकांनी चाळावी, त्यांनाही काहीतरी काढावंसं वाटावं म्हणून ठेवली ना मी तुझ्या सलूनमध्ये? पहिल्याच पानावर लिहिलंय, ‘कुणीही उघडा, काहीही काढा.’

भाऊ: काढतात कुठं? बोट ठेवतात!

ताई: कशावर?

भाऊ: चित्रावर! आणि म्हणतात, हे असं काप. बाबांचा नियम तुला ठाऊक आहे. गिऱ्हाईक बोट ठेवील तसं कापायचं, तोंडातून प्रश्न काढायचा नाही. भिंतीवर फोटो होते तोवर ठीक होतं. आता पोस्टमनच्या डोक्यावर किटली आहे.

ताई: माझी किटली? ती वाकड्या तोटीची?

भाऊ: वाकडीच हवी होती त्याला. माझ्याकडून सरळ झाली, तर भांडायला आला.

ताई: अगंबाई! आणि वाफ?

भाऊ: पावडर. रोज सकाळी येतो भरून घ्यायला.

ताई: तरीच! काल बसथांब्यावर शिंपीणबाईंना अगदी चिकटून दोघं उभे होते. म्हटलं, नात्यातले असतील.

भाऊ: कसलं नातं! सावलीला उभे होते. तिनं छत्रीवर बोट ठेवलं होतं.

हेडमास्तर: येऊ का आत? जरा दार पूर्ण उघडता का? जिना अडकतोय.

भाऊ: या हेडमास्तर. वाकून या.

हेडमास्तर: वाकलो की वरची पायरी सरकते हो. नाही नाही, तक्रार नाही. काम उत्तम झालंय. फक्त मुलं वर्गात विचारतात, सर, हा जिना वर कुठं जातो? मला उत्तर देता येत नाही. हेडमास्तराला उत्तर आलंच पाहिजे. तेव्हा वर एक दरवाजा करून द्या.

ताई: पण माझ्या चित्रात दरवाजा नव्हता.

हेडमास्तर: म्हणून मीच काढलाय. हा बघा, या कागदावर; तुमच्या जिन्याशेजारी धरतो. तपासणीला आलेले साहेब बोलत होते तेव्हा काढला. शाळा सोडल्यापासूनचं पहिलंच चित्र. म्हणजे शाळा सोडलीच नाही म्हणा मी. कडी जरा मोठी झालीय का?

ताई: अहो, छान आहे कडी! बघितलंस? यासाठीच तर ठेवली होती वही.

भाऊ: ठेवलंत बोट? झालं तर मग. बसा बाकावर.

ताई: तू एवढा का धुमसतोयस? दुकान भरलंय. सगळ्या गल्लीला सुचायला लागलंय.

भाऊ: तेच तर! मास्तरांना दरवाजा सुचला. पोस्टमननं स्वतःच्या हातानं किटलीच्या झाकणाचं चित्र काढून आणलं. मलाच काही सुचत नाही, ताई. इतकी वर्षं कात्री चालवतोय, पण कुणाचा एक केस माझ्या मनानं कापलेला नाही. आधी ते फोटो, आता तुझी वही. तुझ्यावर राग नाही गं. पण ती वही बघितली की रडू येतं मला.

ताई: सरक. बसू दे खुर्चीत.

भाऊ: तू तर घरीच कापतेस केस.

ताई: आज गिऱ्हाईक आहे मी. वही दे इकडे. हं, हे ठेवलं बोट.

भाऊ: हे पान कोरं आहे.

ताई: दिसतंय मला.

भाऊ: म्हणजे... टक्कल करू?

ताई: खबरदार! टक्कल हवं असतं तर टक्कल काढलं असतं मी. आणि प्रश्न कसले विचारतोस? बाबांचा नियम काय?

हेडमास्तर: नियम म्हणजे नियम.

भाऊ: ताई, बिघडलं तर? उद्या तुला बँकेत जायचंय.

ताई: जाईन की. विचारलं तर सांगीन, भावानं केलंय.

(बराच वेळ नुसता कात्रीचा आवाज.)

हेडमास्तर: बाप रे! हे... हे कुठल्या पानावर आहे हो?

भाऊ: कुठल्याच नाही.

ताई: झालं? आरसा दे बघू.

भाऊ: मान हलवू नकोस ना. अजून सुचतंय.