डोहावरचे अर्धे खोपे

महादू : गणू, आकडी वर घाल. आधी ते फाटके खोपे ओढ.

गणू : सरपंच, फाटके नायत. अर्धे हायत.

महादू : अर्धे म्हणजे कचराच. उद्या सकाळी मुरबाडहून स्वच्छता समिती येतेय, नदीवर फिरणार. शिंदीवर ही लक्तरं लोंबताना दिसली की पाच मार्क गेले आपले.

बाईजा : महादू, आकडी खाली घे. पुऱ्या खोप्यांत सुगरणीची पिल्लं हायत.

महादू : काकी, तुमी धुणं धुवा. पंचायतीचं काम हाय हे. बरं, पुरे ठेवतो, अर्धे काढतो. झालं?

गणू : एकाच झावळीला लटकलेत दोन्ही. अर्धा ओढला का पुराबी डोहात.

महादू : पण काम अर्धं टाकून जातातच कशाला? आळशी जात.

बाईजा : आळशी? तो पिवळ्या डोक्याचा नर बघ. आपल्याच भाताची पात चिरून एकेक धागा आणतो. अर्धा खोपा झाला का थांबतो, पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत बसते, ओढून बघते. पटला तर तो खाली नळी इणून पुरा करतो. नाय पटला तर ती जाते उडून.

महादू : आणि हा?

बाईजा : दुसरा बांधाय घेतो. भाषण नाय करत.

गणू : फीतबी नाय कापत.

महादू : गणू, तू पंचायतीचा शिपाई हायस, इसरू नको. काकी, त्या मादीला काय कळतं गो बांधकामातलं?

बाईजा : अंडी तिला घालायचीत. फांदी पाण्यावर हाय का, साप पोचंल का, ते तीच बघणार. आता तू सांग, तुझे संडास बांधून दोन वरसं झाली. कोण जातं तिथं?

महादू : बायकांना सवय नाय. जनजागृती चालू हाय.

गणू : माझ्या गोवऱ्या होत्या आत. आज सकाळी काढल्या, चुना मारला.

बाईजा : सहाच्या सहा दारं पाराकडं. डबा घेऊन शिरायचं, तर समोर सासरा बिडी ओढत बसलेला. माझ्या सुनेला सातवा महिना लागला, तरी पहाटे अंधारात ओढ्यालाच जाते. परवा घसरली. मला घोर लागलाय रे.

महादू : नकाशा वरून आला होता, काकी.

बाईजा : मग त्या नकाशेवाल्याची बायको आली होती का आत बसून बघाय?

(एक मादी अर्ध्या खोप्यात शिरते, दोन धागे ओढून बघते आणि उडून जाते.)

गणू : नापास.

महादू : उद्या समितीनं इचारलं तर काय सांगू?

बाईजा : खरं सांग. खोपे भरलेत, संडास रिकामे हायत.

महादू : मार्क जातील.

बाईजा : जातील.

गणू : सरपंच, हात भरून आला माझा. ओढू का आकडी उतरवू?

महादू : उतरव. काकी, दारं कुठल्या अंगाला पायजे होती?

बाईजा : एवढं लुगडं पिळते नि येते. सुनेला बोलावते. तिला बघू दे.