वाटेसाठी राखलेले डबे

अगं हळू दाब, हळू! टक्कन वाजतं ते झाकण, आणि तो पडद्याच्या पलीकडंच झोपलाय. ऐकू येतेय ना शिट्टी? झोप लागली की नाकातनं वाजते त्याच्या. शिट्टी वाजतेय तोवर आपण बोलायचं, थांबली की गप्प बसायचं — डोळे गेल्यापासून म्हाताऱ्याचे कान दुप्पट झालेत. बस तू, सलका. अशी उकिडवी नको बसू, पाहुणी आहेस. चहा होतोय. दवाखान्यातल्या तुम्ही मुली सगळ्या घाईच्या, एक पेला तोंडाला लावता आणि निघते मावशी म्हणता. माझ्याकडं ते चालायचं नाही. पहिला, दुसरा, तिसरा — तिसरा घेतल्याशिवाय आपल्यात कोण उठतं? भांडून निघालेला उठतो, नाही तर ज्याच्या घरी मयत झालीय तो. तुझं यातलं काही नाही ना? मग बस.

आता सांग. हा डबापण वाईट? आणि हा? अगं पण नीट बघ तरी त्याच्याकडं, कसा गुटगुटीत आहे! मला काही अख्खी पेटी पास करून नकोय. एक दे निवडून. एकच. तुला बोलावलंय ते त्याचसाठी. काल काय झालं सांगते — या आठवड्यात त्यानं अन्नाला तोंड लावलेलं नाही, पातळ खीर केली तरी ओठ घट्ट मिटतो लहान मुलासारखा, आणि काल संध्याकाळी आपण होऊन म्हणाला, तेकबर, पेटीतला एक मासा उघड. माझ्या हातातला पेलाच पडला. माझा नवरा, सिदाती, हे म्हणाला! ज्यानं जन्मभर या पेटीला कोणाला बोट लावू दिलं नाही, तो! तुला नाही कळायचं, तू छावणीतच जन्मलीस. ही पेटी परतीच्या वाटेची आहे. तिकडं, सैन्यानं वाळवंटात घातलेल्या भिंतीपलीकडं, समुद्राकाठी आमचं गाव. लढाई पेटली तेव्हा तिथून इकडं आलो ते चालत आलो, उपाशी, रात्री चालायचं आणि दिवसा विमानांच्या भीतीनं झुडपाखाली पडून राहायचं. तेव्हा त्यानं शपथ घेतली, जाताना माझी माणसं उपाशी चालणार नाहीत. म्हणून हे डबे. शिदोरी. आणि आता म्हणतो, उघड. याचा अर्थ काय झाला? अर्थ असा झाला की म्हाताऱ्यानं जायचं रद्द केलं. माझ्याशी एका शब्दानं बोलला नाही तसं, पण रद्द केलं. बरं, केलं तर केलं, मरता माणूस एक मासा मागतोय, तो तरी त्याला मिळू दे. आणि तू म्हणतेस, सगळे वाईट.

हं, घे पहिला. कडू आहे? कडूच असतो.

नाही, मला हे समजावून सांग — फुगला म्हणजे वाईट, हे कोणी ठरवलं? कारण आम्ही, पोरी, आम्ही नेमके फुगलेलेच निवडून ठेवले! हसू नकोस. लॉरी आली, रेशन वाटून झालं, की हा दारात बसायचा आणि एकेक डबा हातात घेऊन चाचपायचा. सपाट झाकणाचा घरात खायला. पोट आलेला, टुमटुमीत, तो पेटीत. म्हणायचा, हा बघ, यात कारखान्यातल्या माणसानं हात सैल सोडलाय, एक मासा जास्त घातलाय. आणि मलाही ते पटायचं! का नाही पटणार? आपल्यात बारीक नवरी बघून लोक काय म्हणतात — बापाच्या घरी दूध नव्हतं का? माझं लग्न ठरलं तेव्हा आई मला सांडणीचं दूध पाजायची, मी ओकायचे, ती परत पाजायची. लग्नाच्या दिवशी मला उठवायला दोघी लागल्या, तेव्हा सासरचे खूश. जे फुगलं ते भरलं, जे भरलं त्यात बरकत, हे आपण दुधाबरोबरच प्यायलोय. शेजारची मीनतू तिच्या वाट्याचा फुगीर डबा आणून द्यायची, घ्या तुमच्या वाटेसाठी म्हणायची आणि बदल्यात आमचे दोन सपाट न्यायची. मी मनात म्हणायचे, काय भोळी बाई आहे! आता बघ. मीनतूची नातवंडं धडधाकट आहेत, आणि आमच्या पेटीत साऱ्या छावणीचं विष गोळा करून ठेवलंय. तेही कडीकुलपात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना — तसला आमचा झाकला डबा.

तारीख? हो, असते ना तारीख, बुडाला असते. पण मला सांग, तारखेकडं आम्ही कोणत्या तोंडानं बघायचं? आलो तेव्हा आम्हालाही म्हणाले होते, थोडे महिने, फार तर एक हिवाळा. तंबू दिले तेही तेवढ्याच बेताचे. तंबू फाटले, मग आम्ही मातीच्या भिंती घातल्या, त्या भिंतींच्या आत माझ्या मुलांना मुलं झाली. डब्यावर निदान तारीख टाकतात, बाई. आमच्यावर टाकायला विसरले. — बरं बरं, तुझं ऐकते. तारीख उलटली तरी चांगला डबा थंड जागी टिकतो, असंच म्हणालीस ना? थंड जागी! या पत्र्याखाली? उन्हाळ्यात ही पेटी अशी तापते की वर पीठ टाकलं तर भाकरी होईल. आणि कडेला हा गंज, जोडावर, हापण वाईट. आणि हा चेपलेला. उकळून घेतला तर? चांगला रटरटा उकळून? नाही. शेळीला? शेळी काहीही खाते गं, पुठ्ठा खाते, माझी ओढणी खाल्ली तिनं — शेळीलाही नाही? पुरायचा म्हणतेस. खोल. आणि वास येतो का त्याचा? नाही आला तरी असतं. चवीला? चवीलाही नाही कळत. मग माणसाला कळतं कसं? — बोलू नकोस, कळलं मला. मेल्यावर.

गंमत बघ, समुद्र आमचा. त्या समुद्रात मासा इतका की लहानपणी आम्ही पोरं परकर धरून पाण्यात उभी राहायचो आणि घरी जाताना परकर जड असायचा. आता तोच मासा पत्र्यात बसून, सगळं जग फिरून, दान म्हणून माझ्या दारात येतो. मी त्याला ओळखते, तो मला ओळखत नाही. घे, दुसरा घे. साखर जास्त पडलीय, पडू दे. वाजतेय ना शिट्टी? वाजतेय.

थांब. मला एक सांग. नवा असला तर? म्हणजे लॉरीतनं उतरतानाच फुगलेला, नुकता आलेला, तारीख लांबची — तोपण वाईट? बघ हं, नीट विचार करून सांग. तोपण.

तोपण.

नाही, काही नाही. तू पी. — पाऊस आला होता ते साल. तू नसशील जन्मलेली. इथं पाऊस म्हणजे काय ते एकदाच बघितलं मी, भिंती साखरेच्या वड्यांसारख्या विरघळल्या, लॉऱ्या अडकल्या, रेशन यायचं बंद. घरात मसूर संपली, पीठ भिजून आंबलं. नुएना माझी धाकटी. गोवर उठून गेला होता तिचा, अंगात काही राहिलं नव्हतं, नुसते डोळे. आणि मासा मागायची. पेटी समोरच होती ना, कुठं लपवणार? बोट दाखवायची आणि मासा म्हणायची. मी म्हटलं, उघड एक. तो पेटीवर जाऊन बसला. वरनं पाणी गळतंय, आणि हा पेटीवर बसलाय — म्हणाला, आज एक उघडला की उद्या दुसरा, मग वाटेला काय राहील? वाट! कसली वाट, कुठली वाट? लॉरी आली तेव्हा नुएना नव्हती. डॉक्टर म्हणाला ताप. असेल ताप. मी त्या दिवशी ठरवलं, भुकेनं गेली, आणि यानं नेली.

भांडले नाही मी. भांडले असते तर बरं झालं असतं. सगळं केलं त्याचं, अंथरूण, जेवण, डोळे गेल्यावर हात धरून बाहेर नेणं, सगळं. फक्त एक केलं. त्याला रोज संध्याकाळी घराच्या आठवणी काढायचा नाद — तिकडच्या घराच्या. उंबऱ्याला चीर होती ना? होती म्हणायचे. विहीर उजव्या हाताला ना? हो म्हणायचे. आणि मग विचारायचा, तेकबर, दाराचा रंग कोणता होता गं? तेवढं त्याच्या डोक्यातनं पुसून गेलंय. मी म्हणायचे, आठवत नाही. रोज विचारायचा, रोज म्हणायचे, आठवत नाही. तो बिचारा अंधारात हात हलवायचा, जसं काही दार चाचपतोय. आठवत नाही कसं? मीच रंगवलं होतं ते, लग्न होऊन आले त्या वर्षी. निळं. होडीचा उरलेला रंग आणला होता त्यानं, तोच फासला. निळं दार होतं. म्हटलं, तुला पेटी मिळाली ना सांभाळायला, दार नाही मिळायचं. एवढं एकच होतं माझ्या हातात, तेवढं नाही दिलं त्याला.

आणि आज तू येतेस, एवढीशी पोर, आणि झाकण दाबून सांगतेस, हे सगळे आधीपासूनच विष होते. मी हट्टानं उघडला असता तर माझ्याच हातानं तिला भरवला असता. घास करून. सगळ्यांनाच भरवला असता. म्हणजे तो बरोबर होता? नाही, बरोबर कुठं होता, त्याला तरी काय ठाऊक होतं! तो वाटेसाठी राखत होता, आणि मी राग राखत होते, आणि दोघांनी जन्मभर जे राखलं ते हे असलं. मला त्याला माफपण करता येईना बघ. माफ कशाबद्दल करू? रागावायलाही काही उरलं नाही, इतकी वर्षं मी —

असू दे. डोळ्यात धूर गेला. असं करूया — रेशनचा सपाट आहे एक, मीनतूकडचा, तो उघडते, आणि यातला एक फुगीर आधी त्याच्या हातात देते, चाचपू दे त्याला, भरलेला आहे म्हणू दे. मग भरवते सपाटातला. एकच ठेव मागं. खायला नाही गं, हातात द्यायला! त्याला कळता कामा नये एवढंच. मरताना माणसाला वाटावं की शिदोरी भरलेली होती, निघायचंच काय ते राहिलं. नाही? फुटतो? हातातपण नको? बरं. नियम आहे तुझा, तुझं बरोबर —

श्श.

शिट्टी कधी थांबली गं? नाही, आत्ता नाही थांबली. मी ऐकतच नव्हते. तू तरी सांगायचंस! तू चहा पीत होतीस. — सिदाती? जागा आहेस?

काय? मोठ्यानं बोल.

हो. निळा. हो, सिदाती, ऐकलंस ते खरं, दाराचा रंग निळाच होता. होडीचा.

सलका, पेला खाली ठेव. डबे ने सगळे. पेटीपण ने, तो म्हणतोय. नाही, पाणी ओतू नकोस, तिसरा करायचा नाही. जा. पडदा पडू दे तसाच. जा म्हणते ना.