डावखुरा राजपुत्र

...आणि वर मलाच विचारतोय, "बायजाआजी, नक्की का?" अरे, नक्की का म्हणजे? मी डोळ्यांनी पाहिलंय!

तुम्हाला सांगते, रोह्याच्या कॉलेजात आता सिनेमाचा इतिहास शिकवतात. हसू नका, मी हसून झालेय. तिथला मास्तर म्हणजे आमच्या सगुणेचा हिरामण. परवा दारात हजर! "आजी, मुक्या सिनेमांच्या डीव्हीडींचे दोन संच आलेत. एक ठेवायचा, एक परत. तंबूत मुका सिनेमा बघितलेलं माणूस तुमच्याशिवाय कोण हाय?" कोण असणार? बाकीचे गेले, मी तेवढी उरले, मिठात मुरलेली!

नेलं मला वरश्याला, त्याच्या घरी, बसवलं टीव्हीपुढं. पहिला संच गुळगुळीत, आणि वरून सारखं कुईंकुईं व्हायोलिन. म्हटलं, मुक्याच्या गळ्यात घंटा कशाला रे? दुसरा लावला. नुसते ओरखडे, नुसती थरथर... आणि तो आला! घोड्यावर! माझा राजपुत्र! स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी धरमतरला तंबू पडला होता. शहरात बोलपट जुने झाले तरी आमच्या खाडीवर मुकेच यायचे. दहा वर्षांची मी, सात वेळा बघितला त्याला. आता टीव्हीला नाक लावून बघतेय... आणि त्यानं तलवार उपसली, ती उजव्या हातानं!

"बंद कर!" मी ओरडले. "खोटा हाय हा! राजपुत्र डावखुरा होता. मी डोळ्यांनी पाहिलंय!"

आता तुमच्यापासून काय लपवायचं, मी डावखुरी. सासू उलथन्यानं हात शेकायची, "डाव्या हातानं मीठ वाढतंस गो? घर बुडवशील!" मी म्हणायची, राजपुत्रानं डाव्या हातानं राज्य जिंकलं, मी चिमूटभर मीठ वाढलं तर काय आभाळ कोसळलं? सासू गेली, पण माझा डावा हात काही मागं हटला नाही. कुणाच्या जिवावर? त्याच्याच की!

हिरामण बिचारा गोंधळला. "म्हणजे उलटा छापलाय? मग हाच परत करतो." लागला खोका बांधायला. बांध, म्हटलं! तोंडानं म्हटलं हो... आतून जीव तुटत होता. साठ वर्षांनी भेटला आणि मीच त्याला हाकलतेय! तेवढ्यात हिरामण थांबला.

"आजी, तंबूत तुम्ही बसायचात कुठं?"

"बायका बसायच्या तिथं! मधोमध सिनेमाचा पडदा, पुढं बाप्ये, मागं आम्ही."

"मागं?"

"मागं."

आणि मग पडला हो उजेड! पडद्याच्या पाठीमागून उजव्याचं डावंच दिसणार की! अक्षरंही उलटीच असणार, पण आमच्यात वाचायला येत होतं कुणाला? अक्षरं मी पुढं शिकले, वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून, माझी मी, कुणाच्या बापाचे उपकार नाहीत! म्हणजे जन्मभर सासूशी मी भांडले ते... जाऊ दे. डोळ्यांनी पाहिलं हे तर खरं ना? मागून का होईना!

"सोड तो दोरा," म्हटलं. "हाच ठेव. संच बरोबर, चूक माझी." हे वाक्य मी जन्मात एकदाच बोललेय, लिहून ठेवा.

"चूक कसली, आजी? हा तर खरा इतिहास! आमच्या पुस्तकात नाय हे!" हिरामण टुणटुण उड्या मारायला लागला. मास्तर ना तो? लगेच ठरवलंन, वर्गात पडदा मधोमध टांगायचा, अर्धी पोरं पुढं, अर्धी मागं.

काल पहिला तास झाला. मला मानाचं बोलावणं! पहिल्या रांगेत खुर्ची, अंगावर शाल, हातात नारळ. दिवे मालवले आणि बघते तर काय, डावखुरा राजपुत्र बघायला अख्खा वर्ग मागं पळाला, हिरामणसकट! तिकडं शिट्ट्या काय, टाळ्या काय, "मार, डाव्या हाताची मार" काय... आणि इकडं? जन्मात पहिल्यांदा पुढची जागा मिळाली हो, आणि पुढं मी एकटी, मांडीवर नारळ घेऊन, त्या उजव्या हाताच्या परक्या माणसाकडं बघत बसलेय!