बाईंच्या वतीनं

बसा हो साहेब, उठू नका. रागावले नाही मी – फक्त पुन्हा एकदा सांगा. नव्या जलशुद्धीकरण केंद्राची प्रयोगशाळा माझ्याकडेच द्यायची, असं तुमचं ठरलं होतं. आणि तुम्ही यांना विचारलंत. बॅडमिंटन झाल्यावर, घाम पुसता पुसता. आणि हे म्हणाले, 'नको, तिची फार ओढाताण होईल.' बरं. तुम्ही कौतुकानंच सांगताय, कळतंय मला. यांना जाऊन महिना झाला, अजून लोक भेटायला येतात आणि हेच म्हणतात – जिवाला जपणारा माणूस होता. होताच.

तो दिवस आठवतो तुम्हाला? तुम्हाला कशाला आठवेल. साधाच दिवस. नळाच्या पाण्याचे नमुने आले होते, मी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होते, तेवढ्यात शिपाई मिठाईचा डबा घेऊन आला. कुणाची म्हणून विचारलं, तर माझ्याच हाताखालच्या त्या पोराची – ज्याला पिपेट धरायला मी शिकवलं, तो त्या नव्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला होता. आता त्याला सर म्हणते मी. तेव्हा तुकडा खाल्ला, हसलेसुद्धा. तुम्ही केबिनमधून हात केलात, मीही केला, आणि मनात म्हटलं, या माणसाला वरच्या खुर्चीत बाई नकोय. साहेब, इतकी वर्षं मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घातल्यात. हसू नका, खरंच. तुमच्या निरोप समारंभात गुच्छ दिला ना, तेव्हाही घालत होते. आता त्यातल्या अर्ध्या कमी करते – अर्ध्याच. कारण त्या पोराच्या बायकोला विचारलं होतंत का तुम्ही, त्याची ओढाताण होईल का म्हणून? त्याचं तर मूल पाळण्यात होतं. नाही ना? सुचलंच नसेल.

मी ते केंद्र बघून आले होते, ठाऊक आहे? कसं असेल, यांनाही ठाऊक नव्हतं. रजा टाकून गेले, बसनं. बांधकाम चालू होतं, खिडक्यांना काचा नव्हत्या. तिथल्या मुकादमाला म्हटलं, सूक्ष्मदर्शक इथे येईल, उजेड या बाजूनं हवा. तो बिचारा 'हो मॅडम' म्हणाला. जवळची शाळा बघितली मुलीसाठी, सासूबाईंना जिना नको म्हणून तळमजल्यावरचं घर बघितलं. म्हणजे ओढाताणीचा विचार मीही केलाच होता की. फक्त बोलले नाही – नाव जाहीर होऊ दे, मग सांगू, आधीच बोलून हसं कशाला. मी बोलले नाही, हे बोलले नाहीत – संसार कसा अगदी सुरळीत.

चहा घ्या ना, निवला असेल. दुसरा टाकू? नको? बरं. त्या मिठाईच्या दिवशी संध्याकाळी घरी आले ती चपला काढायच्या आधीच रडले. यांनी हातातली पिशवी घेतली, स्वयंपाक केला, मुलीला शेजारी पाठवलं. तुमच्यावर तर काय चिडले होते – 'तुझ्या साहेबाला माणसाची पारख नाही' म्हणाले. तुमच्याबरोबर खेळायलाही आले नाहीत पुढे काही दिवस. तुम्हाला काय सांगितलं, गुडघा दुखतोय? मला वाटलं, माझ्यासाठी. माझ्यासाठी रुसलाय हा माणूस साहेबावर – केवढी सुखावले होते मी, त्या दुःखातसुद्धा. त्याच्या जोरावर दुसऱ्या दिवशी कामावर गेले. त्याच्या जोरावर जातच राहिले.

कपाटात यांचे शर्ट अजून तसेच आहेत. रोज सकाळी एकाला तरी हात लावून निघते. उद्याचं काही सांगता येत नाही.

नाही, तुम्ही कशाला माफी मागताय. तुम्ही विचारलंत, यांनी उत्तर दिलं, तुमच्या दोघांत सगळं रीतसर झालं. या आता. जिन्यात दिवा नाही, कठड्याला धरून उतरा. आणि साहेब, इतक्यात पुन्हा येऊ नका.

त्या संध्याकाळी जेवताना मी यांना म्हटलं होतं, 'एक तुम्ही तरी माझ्या बाजूचे आहात.' तेवढं वाक्य परत घ्यायचं राहिलं.